कबुली दिली, विमानं मात्र उडतच राहिली

१५ मार्च २००७. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या देखभाल विभागाच्या लक्षात आलं की आपल्या ४६ बोइंग ७३७ विमानांची एक सक्तीची तपासणी राहून गेली आहे. धडाच्या पत्र्याला धातूच्या थकव्यामुळे चिरा पडल्या आहेत का, हे बघण्याची ती तपासणी होती. मुदत कधीच उलटून गेली होती आणि तपासणीविनाच्या उड्डाणांचा हिशेब जून २००६ पर्यंत मागे जात होता.

कंपनीने ही चूक दडवली नाही. आपल्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, म्हणजे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (एफएए) मुख्य देखभाल निरीक्षकाला तिने ती सांगितली, पाठोपाठ रीतसर लेखी कबुलीही दिली. तरीही वर्षभरात या प्रकरणावरून देशभर गदारोळ झाला, संसदीय समितीसमोर सुनावणी झाली आणि कंपनीवर १ कोटी २ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित झाला.

विमान देखभाल शिकणाऱ्या मुलांना मी हे प्रकरण दरवर्षी शिकवतो. वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, त्यांनी तर स्वतःहून सांगितलं होतं. मग चुकलं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला मला दोन तास लागतात.

सुरुवात पत्र्यापासून करावी लागते. पक्कड हाताशी नसेल तर आपण तार कशी तोडतो? एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहतो. पहिल्या दहा वेळा काहीच होत नाही, मग ती जागा मऊ पडल्यासारखी वाटते आणि अचानक तुकडा हातात येतो. विमानाच्या धडाचं तसंच आहे. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब राखावा लागतो, आणि त्या दाबाने धड किंचित फुगतं. खाली उतरलं की पुन्हा बसतं. एक उड्डाण म्हणजे एक फुगणं आणि एक बसणं. आमच्या भाषेत एक सायकल. साउथवेस्टसारख्या कमी अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या कंपनीचं विमान दिवसाला अशा पाच-सहा सायकली सहज करतं. म्हणून अशा विमानांचं वय वर्षांपेक्षा सायकलींत मोजलेलं बरं.

चीर सुरू होते ती बहुधा रिव्हेटच्या भोकाच्या कडेला. केसाएवढी असते, वरच्या रंगाखाली लपलेली. टॉर्च मारून दिसली तर दिसली. नाहीतर पेन्सिलीएवढा प्रोब हातात धरून एकेका रिव्हेटच्या डोक्याभोवती फिरवावा लागतो. एडी करंटची तपासणी म्हणतात तिला. पडद्यावरची रेघ सरळ चाललेली असते आणि एखाद्या भोकापाशी एकदम उडी मारते. मग तिथेच परत फिरवायचं, खात्री करायची, खडूने खूण करायची. शेकडो रिव्हेट, आणि प्रत्येकापाशी तेवढंच लक्ष. पहाटे तीन वाजता, सकाळी सहाला विमान लाइनवर हवं असताना हे काम करणाऱ्याला विचारा, ही तपासणी किती कंटाळवाणी असते. आणि तरीही ती का करायची, तेही तोच सांगेल.

कारण २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग २४,००० फुटांवर उडून गेला. त्या विमानाच्या ८९,६८० सायकली झालेल्या होत्या. क्लॅराबेल लान्सिंग ही अनुभवी हवाई सेविका प्रवाशांमध्ये उभी होती, ती बाहेर फेकली गेली. तिचा मृतदेहही सापडला नाही. बाकी सगळे वाचले, वैमानिकांनी ते उघडं पडलेलं विमान माउई बेटावर उतरवलं. चौकशीत एक गोष्ट पुढे आली, ती मी वर्गात नेहमी सांगतो. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यावर चीर दिसली होती. तिने कोणालाही सांगितलं नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. चीर दिसली तर ती कोणाला सांगायची, आणि सांगितलं तर कोणी ऐकेल का, हे तिला कुठून माहीत असणार? पण दिसलेली गोष्ट योग्य माणसापर्यंत पोचवण्याची वाट असणं किती मोलाचं असतं, ते या एका प्रसंगात कळतं.

अलोहानंतर जुन्या विमानांच्या तपासण्या कडक झाल्या. यंत्रणा एखादा धोका ओळखते तेव्हा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे उड्डाणयोग्यतेचा आदेश, काढते, बोलताना सगळे एडी म्हणतात (वरच्या एडी करंटशी त्याचा संबंध नाही). एडी म्हणजे सल्ला नव्हे, तो कायदा असतो. साउथवेस्टची जी तपासणी चुकली ती २००४ च्या एडीमधली होती. जुन्या ७३७ च्या धडाचे ठरावीक पत्रे दर ४,५०० सायकलींनी तपासायचे, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांतून एकदा. एडी ओव्हरड्यू झाली की विमान उड्डाणयोग्य राहत नाही. ते उभं करायचं, तपासायचं, मग सोडायचं. "आणखी आठवडाभर चालवा" असं म्हणायचा अधिकार स्थानिक निरीक्षकाला नसतो. पर्यायी मार्ग हवा असेल तर त्याची वेगळी रीतसर मंजुरी लागते.

आता कबुलीच्या व्यवस्थेकडे येतो, कारण हिचा उगमही एका अपघातात आहे.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरच्या डोंगराला धडकलं. विमानातले ९२ जण गेले. उतरायची परवानगी मिळाल्यावर वैमानिकांना वाटलं, आता १,८०० फुटांपर्यंत खाली आलं तरी चालेल. नकाशा आणि परवानगीचे शब्द यांचा तसा अर्थ निघू शकत होता. चौकशीत कळलं की जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी त्याच वाटेवर तीच गल्लत केली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचायला वाटच नव्हती.

मग १९७५-७६ मध्ये स्वेच्छेने अहवाल देण्याची व्यवस्था उभी राहिली. लोकांचा एफएएवर विश्वास बसेना. शिक्षा करणाऱ्याकडेच जाऊन चूक कोण सांगणार? म्हणून अहवाल गोळा करायचं काम नासाकडे दिलं. वैमानिक, नियंत्रक, मेकॅनिक, कोणीही लिहावं. नासा नाव-गाव असलेली पट्टी कापून लिहिणाऱ्याला परत पाठवते, त्यामुळे पुढे कोणी विचारलं तरी दप्तरात नाव सापडत नाही. चूक नकळत झालेली असेल, गुन्ह्याचा प्रकार नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवलं असेल, तर एफएएने नियमभंग सिद्ध केला तरी शिक्षा लागू करत नाहीत. ही पट्टी कापून परत देण्याची युक्ती मला फार आवडते. सगळा विश्वास त्या कागदाच्या कपट्यात आहे.

ही झाली माणसांसाठीची सोय. कंपन्यांसाठी एफएएने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी व्यवस्था आणली. कंपनीने आपला नियमभंग स्वतः शोधून, यंत्रणेच्या लक्षात यायच्या आत कळवला तर दंड माफ. त्यामागचा हिशेब सरळ होता. देशातल्या हजारो विमानांच्या प्रत्येक टास्क कार्डवर, म्हणजे देखभालीच्या एकेका कामाच्या कागदावर, सरकारचा निरीक्षक उभा राहू शकत नाही, एवढी माणसं कुठल्याच सरकारकडे नसतात. चुका सगळ्यात आधी कंपनीलाच दिसतात. त्या तिने सांगाव्यात असं वाटत असेल तर सांगणाऱ्याला झोडपून चालणार नाही. हा सौदा मला मनापासून पटतो.

पण सौद्याला अटी होत्या. चूक हेतुपुरस्सर नसावी. यंत्रणेला ती आधी कळलेली नसावी. पुन्हा होऊ नये म्हणून पक्की दुरुस्ती योजना द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक सापडताक्षणी नियमभंग थांबवावा.

वर्गात मी हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहितो आणि पुसत नाही.

साउथवेस्टने १५ मार्चला कबुली दिली. त्यानंतर ती ४६ विमानं २३ मार्चपर्यंत प्रवासी घेऊन उडत राहिली. या नऊ दिवसांत त्यांनी १,४५१ उड्डाणं केली. भागाकार केला तर प्रत्येक विमानाची सरासरी ३१ हून अधिक उड्डाणं होतात, दिवसाला साडेतीन. तपासणी झालेली नाही हे कंपनीला माहीत होतं, निरीक्षकालाही माहीत होतं. आणि कबुलीच्या नोंदीत मात्र नियमभंग थांबला आहे असं लिहिलं गेलं. मुख्य निरीक्षकाने ते स्वीकारलं.

त्याआधीच्या काळातली, म्हणजे १८ जून २००६ ते १४ मार्च २००७ मधली, उड्डाणं होती ५९,७९१. ती नकळत झालेली चूक म्हणता येते. त्या चुकीला माफी द्यावी, असंच मी म्हणेन. पण १,४५१ या आकड्याला नकळत म्हणायला जागाच नाही. दोन्ही आकडे एकाच कबुलीत गुंडाळले गेले, आणि खरी गडबड तिथे झाली. अखेर तपासणी झाली तेव्हा, एफएएच्या दंडाच्या घोषणेनुसार, ४६ पैकी सहा विमानांच्या पत्र्याला थकव्याच्या चिरा सापडल्या. परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांचा, म्हणजे खात्याच्याच कारभाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, अंदाज असा की तपासणी चुकलेल्या त्या विमानांतून सुमारे ६० लाख लोकांनी प्रवास केला होता.

हे बाहेर आलं कसं? त्या कार्यालयातच दोन माणसं होती म्हणून.

बॉबी बुट्रिस आणि डग्लस पीटर्स हे साउथवेस्टवर देखरेख ठेवणाऱ्या टेक्सासमधल्या एफएए कार्यालयातले निरीक्षक. कंपनीच्या एडीच्या नोंदी नीट जुळत नाहीत हे बुट्रिस काही वर्षं सांगत होते. रीतसर चौकशीचं पत्र काढा, अशी त्यांची मागणी होती. वरिष्ठ, म्हणजे तेच मुख्य देखभाल निरीक्षक, ती मान्य करत नव्हते. या वरिष्ठांचा एक जुना सहकारी एफएए सोडून साउथवेस्टमध्ये गेला होता आणि कंपनीच्या बाजूने याच कार्यालयाशी व्यवहार सांभाळत होता. काल ज्याच्यासोबत एका टेबलावर डबा खाल्ला, आज त्याच्याच कबुलीवर शिक्का मारायचा. महानिरीक्षकांनी पुढे या नात्याला अति सहकार्याचं म्हटलं. माझ्या मते शब्द फार सौम्य आहे.

कबुलीनंतरही विमानं उडत असल्याचं कळल्यावर बुट्रिस यांनी हरकत घेतली. बुट्रिस यांच्याविरुद्ध निनावी तक्रार आली आणि काही महिने त्यांना देखरेखीच्या कामातून बाजूला ठेवण्यात आलं. ज्यांच्याबद्दल खरी तक्रार होती ते वरिष्ठ त्या काळात खुर्चीवर होते. निनावी तक्रार एकाला खाली बसवायला पुरते आणि नावानिशी केलेली तक्रार दुसऱ्याला हलवत नाही, हे वाचताना अजूनही माझा संताप होतो.

पीटर्स यांचा अनुभव त्यांनी समितीपुढे शपथेवर सांगितला. एक माजी व्यवस्थापक त्यांच्या खोलीत आले. टेबलावरचा पीटर्स यांच्या मुलाचा फोटो उचलला आणि शेवटी कुटुंब हेच महत्त्वाचं असतं अशा अर्थाचं काही बोलले. मग म्हणाले की तुमची नोकरी चांगली आहे, तुमच्या पत्नीचीही एफएएच्याच दुसऱ्या कार्यालयात चांगली नोकरी आहे, ती या प्रकरणापायी धोक्यात येऊ नये. हे सांगताना पीटर्स यांचा कंठ दाटून आला, त्यांना मध्येच थांबावं लागलं. तपासणी चुकलेल्या विमानाबद्दल बोलणाऱ्या सरकारी माणसाला मुलाचा फोटो दाखवला जातो. सुरक्षा कशी आतून पोखरते ते बघायचं असेल तर हा प्रसंग बघावा. यात आरडाओरडा नाही, कसला लेखी आदेश नाही, फक्त टेबलावरून उचललेली एक फ्रेम.

कार्यालयातली वाट बंद झाल्यावर दोघं बाहेर गेले. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे आणि प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीकडे. तिचे अध्यक्ष होते मिनेसोटाचे जेम्स ओबरस्टार, विमान सुरक्षेच्या विषयात मुरलेले माणूस. समितीच्या चौकशीचा दबाव वाढला तसा एफएए जागी झाली आणि ६ मार्च २००८ रोजी १ कोटी २ लाख डॉलरच्या दंडाचा प्रस्ताव जाहीर झाला. चूक कळल्यावर जवळजवळ वर्षाने! ३ एप्रिलला सुनावणी झाली. बुट्रिस आणि पीटर्स बोलले. कंपनीचे संस्थापक हर्ब केलेहर आणि मुख्याधिकारी गॅरी केली हेही हजर होते.

त्या सुनावणीत एका शब्दावर बराच खल झाला. एफएएने २००३ मध्ये ग्राहक सेवेचा उपक्रम सुरू केला होता, आणि त्यात विमान कंपन्यांना ग्राहक मानलं होतं. निरीक्षकाचा निर्णय कंपनीला पटला नाही तर तिने वर दाद मागावी, अशी सोय. ऐकायला छान. पण निरीक्षकाचा खरा ग्राहक तिकीट काढून खिडकीशी बसलेला माणूस असतो आणि तो कधीच कार्यालयात तक्रार घेऊन येत नाही. जो रोज येतो, चहा पितो, ओळखीचा असतो, तो कंपनीचा माणूस. सरकारी कागदावर एक शब्द बदलला की खालच्या टेबलापर्यंत त्याचा अर्थ बरोबर पोचतो.

महानिरीक्षक कॅल्विन स्कोव्हेल यांच्या तपासातून आणखी एक गोष्ट उघड झाली, जी मला दंडाच्या आकड्यापेक्षा जास्त बोचते. साउथवेस्टची एडी सांभाळण्याची पद्धत एकूणात कशी चालते, याचा आढावा एफएएने १९९९ पासून घेतलाच नव्हता. कबुली आली त्या वेळी अशा २१ महत्त्वाच्या तपासण्या किमान पाच वर्षं रखडल्या होत्या. म्हणजे विमानाची तपासणी ओव्हरड्यू, आणि ती ओव्हरड्यू आहे का हे बघणाऱ्याची तपासणीही ओव्हरड्यू. स्वेच्छेची कबुली ही सरकारच्या स्वतःच्या नजरेला जोड म्हणून होती. इथे नजर नव्हतीच, कबुलीच तिच्या जागी येऊन बसली होती.

कंपनीची बाजूही नीट मांडायला हवी. साउथवेस्टचं म्हणणं होतं की चुकलेला भाग धडाच्या पत्र्याचा अगदी थोडा अंश होता, त्यावर एकमेकांना झाकणाऱ्या इतर तपासण्या चालूच होत्या, आणि प्रवाशांना कधी धोका नव्हता. बोइंगनेही या म्हणण्याला पाठिंबा दिला होता. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे खरं असूही शकेल. चीर वाढायला वेळ लागतो, मुदतीत थोडी मोकळीक धरलेलीच असते. पण असा युक्तिवाद मान्य करायला एक रीतसर दार आहे. तिथे कागद द्यायचे, अभियंते ते तपासणार, मंजुरी देणार किंवा नाकारणार. ते दार न ठोठावता दोन ओळखीच्या माणसांनी आपसात ठरवलं, इथे माझा कंपनीच्या युक्तिवादावरचा विश्वास संपतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मार्च २००८ मध्ये एफएएने सगळ्याच कंपन्यांच्या एडी तपासायला घेतल्या. अमेरिकन एअरलाइन्सच्या एमडी-८० विमानांत चाकांच्या कप्प्यातल्या तारांच्या जुडग्यांची बांधणी एडीप्रमाणे नाही असं आढळलं आणि एप्रिलमध्ये तिला काही दिवसांत ३,००० हून अधिक उड्डाणं रद्द करावी लागली. विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं टेकून झोपले होते. वर्षानुवर्षं बघायचंच नाही आणि मग एका आठवड्यात सगळं बघायचं, त्याची किंमत प्रवाशांनी अशी मोजली. साउथवेस्टचं प्रकरण मार्च २००९ मध्ये ७५ लाख डॉलरवर मिटलं. ठरलेल्या १३ सुधारणा वेळेत केल्या नाहीत तर रक्कम दुप्पट, अशी अट होती.

या गदारोळात मोठी भीती होती की स्वेच्छेच्या कबुलीची व्यवस्थाच मोडीत निघेल. परिवहन मंत्री मेरी पीटर्स यांनी मे २००८ मध्ये पाच जणांची स्वतंत्र समिती नेमली. तिने सप्टेंबरमध्ये सांगितलं की ही व्यवस्था मोलाची आहे, ती टिकलीच पाहिजे. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो, कारण तेव्हा हवा उलटी होती. कबुली स्वीकारायची तर एकट्या निरीक्षकाच्या सहीवर नाही, त्याच्या वरच्यानेही बघितलं पाहिजे आणि दुरुस्ती प्रत्यक्षात झाली का हे तपासलं पाहिजे, असे बदल आले. एफएए सोडून कंपनीत गेलेल्या निरीक्षकाने दोन वर्षं आपल्या जुन्या कार्यालयासमोर कंपनीची बाजू घेऊन उभं राहायचं नाही, असा नियम झाला. २०१२ च्या कायद्याने जागल्यांच्या तक्रारी तपासणारं वेगळं कार्यालय एफएएमध्ये आणलं. फोटोच्या फ्रेमवर मात्र नियम करता येत नाही.

"सर, आपल्याकडे?" हा वर्गातला दुसरा ठरलेला प्रश्न.

आपल्याकडे नियामक आहे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, डीजीसीए. जानेवारी २०१४ मध्ये याच एफएएने भारताची सुरक्षा श्रेणी खाली आणली होती. डीजीसीएकडे उड्डाण तपासणारे पूर्णवेळ निरीक्षक पुरेसे नव्हते, कंपन्यांकडून आलेल्या वैमानिकांवर काम भागवलं जात होतं. म्हणजे टेक्सासमधलं फिरतं दार, नियामक आणि कंपनी यांच्यातली माणसांची ये-जा, आपल्याकडे वेगळ्या रूपात होतंच. नेमणुका झाल्यावर एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली.

अगदी अलीकडचं उदाहरण जून २०२५ चं. एअर इंडियाने स्वतःहून डीजीसीएला कळवलं होतं की परवाना, विश्रांती आणि अलीकडच्या उड्डाणाचा अनुभव या अटींत त्रुटी असताना वैमानिकांना ड्यूटी लावली गेली. २० जूनला डीजीसीएने क्रू शेड्युलिंगशी संबंधित तीन अधिकाऱ्यांना त्या कामातून काढायला सांगितलं आणि जुलैमध्ये कंपनीच्याच कबुलीजबाबांवरून आणखी चार कारणे दाखवा नोटिसा काढल्या. १२ जूनच्या अहमदाबाद अपघाताच्या सावलीत हे घडलं म्हणून लोकांनी दोन्ही एकत्र वाचलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

वर्गात यावर कडाक्याचं भांडण होतं. निम्मी मुलं म्हणतात, स्वतःहून सांगणाऱ्याला नोटीस दिली तर उद्या कोण सांगेल? उरलेली आदेशातल्या "वारंवार" या शब्दावर बोट ठेवतात. तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर पहिल्या कबुलीनंतर ती थांबली नव्हती, असा त्याचा अर्थ. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूची काळजी मला पोकळ वाटत नाही. ड्यूटी रोस्टर लावणारा एखादा कारकून उद्या चूक दिसल्यावर गप्प बसला, तर ते नुकसान कुठल्याच नोटिशीने भरून येणार नाही. म्हणून संस्थेची कबुली आणि माणसाची कबुली यांना एका मापाने मोजू नये, असं मी सांगतो. संस्थेकडे विमान उभं करायची ताकद असते. माणसाकडे बहुतेक वेळा फक्त बोलायची असते.

तास संपायच्या आधी मी साउथवेस्टकडे परत येतो. १ एप्रिल २०११ रोजी तिचं फिनिक्सहून सॅक्रामेंटोला निघालेलं ८१२ क्रमांकाचं ७३७ विमान सुमारे ३४,००० फुटांवर असताना छताला पाच फुटांचं भगदाड पडलं. विमान युमाला सुखरूप उतरलं. पुढच्या चौकशीत दोष विमान बांधतानाचा निघाला, छताचा एक पत्रा कारखान्यातच नीट बसवला गेला नव्हता. राहून गेलेल्या तपासणीशी त्याचा संबंध नव्हता. पण त्या क्षणी हे कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीने लगेच तशी ७९ विमानं उभी केली, शेकडो उड्डाणं रद्द केली आणि एकेका विमानाच्या छतावर माणसं प्रोब घेऊन चढवली. आणखी पाच विमानांत चिरा सापडल्या. ती पाचही त्या वेळी हँगरमध्ये होती.